वाहकतेचा आकडा आणि आम्लाची ताकद

प्रतिनिधी, वाशीम

दोन चंचुपात्रांत सारख्याच संहतीची दोन आम्ले घेतली. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल. दोन्ही रंगहीन, नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाही. वाहकतामापी मात्र तो क्षणात सांगतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाहकता सुमारे ३९ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर भरते, तर तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाची जेमतेम ०.५२. फरक तब्बल ७५ पटींचा!

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत केव्हा ना केव्हा हे उपकरण हाताळावे लागते. त्यामागचे तत्त्व समजले, तरच आकड्याला अर्थ येतो.

फरक कशामुळे?

द्रावणातून वीज वाहून नेतात ते आयन. पाण्यात विरघळताच विद्युतअपघट्याचे आयनांत विचरण होते, हा विचार स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या प्रबंधातून पुढे आणला. त्यांना १९०३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ पूर्ण विचरण होते. ॲसेटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणात मात्र शंभरातील एखादाच रेणू विचरित असतो. शिवाय हायड्रोजन आयन पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे जणू हातोहात सरकतो. त्यामुळे त्याची वाहकता सोडियम आयनाच्या सुमारे सातपट असते.

मोजणीची पद्धत

सेलमध्ये प्लॅटिनमची दोन अग्रे ठरावीक अंतरावर बसवलेली असतात. एकदिश प्रवाह सोडल्यास अग्रांवर रासायनिक क्रिया होऊन मोजमाप बिघडते, म्हणून प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. आधी सेलचा स्थिरांक काढावा लागतो. त्यासाठी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण घेतात. २५ अंशांना त्याची वाहकता १.४१३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. त्यानंतर सेल डिस्टिल्ड वॉटरने, मग मोजायच्या द्रावणाने धुऊन नोंद घ्यावी. द्रावण तयार करताना आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये.

तापमानाकडे दुर्लक्ष परवडत नाही. एका अंशामागे वाहकता दीड ते दोन टक्क्यांनी वाढते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ४० अंशांवर घेतलेली नोंद २५ अंशांची समजली, तर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या आकड्यात सुमारे वीस टक्क्यांची चूक होते.

आम्लात थेंबाथेंबाने सोडियम हायड्रॉक्साइड मिसळत नोंदी घेतल्या, तर अनुमापनही साधते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाबतीत वाहकता आधी घटते आणि उदासिनीकरण पूर्ण होताच पुन्हा वाढू लागते. आलेखावरील हा वळणबिंदू रंगीत द्रावणातही सापडतो. तेथे दर्शकाचा रंगबदल दिसणे अवघड असते.

प्रयोगशाळेतून शेताकडे

याच तत्त्वावर चालणारे उपकरण माती परीक्षण प्रयोगशाळेतही असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत मातीचे बारा घटक तपासले जातात. सामू आणि विद्युत वाहकता हे त्यांपैकी दोन. सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या वाशीमच्या शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या पत्रिकेवर हे दोन्ही आकडे असतात आणि त्यांची गल्लत होण्याचा धोका असतो. वाहकता आयन किती व किती चपळ हे सांगते, ते कोणते हे सांगत नाही. मिठाच्या पाण्याचीही वाहकता भरपूर असते, पण ते आम्ल नव्हे. जमिनीतील वाहकता वाढली, तर विद्राव्य क्षार वाढले असा अर्थ होतो. आम्लता की विम्लता, हे सामूच सांगतो.

म्हणूनच कोणते द्रावण, किती संहती आणि कोणते तापमान या तीन गोष्टी लिहिल्याखेरीज वाहकतेची नोंद पूर्ण होत नाही. प्रयोगवहीत चूक झाली तर गुण जातात. माती परीक्षणात तीच चूक झाली, तर खताचा आणि जमीन सुधारण्याचा खर्च वाया जाऊ शकतो.