मोंतूनो (पियानोवादन)

मोंतूनो : क्यूबन नृत्यसंगीतात, तसेच त्यातून निघालेल्या साल्सा व टिम्बा या प्रकारांत पियानोवर सतत फिरत राहणारी छोटी आवर्ती स्वराकृती. ग्वाहेओ, तुंबाओ ही तिची अन्य नावे. सोन या गीतप्रकाराच्या उत्तरार्धात मुख्य गायक व कोरस यांच्यात सवाल-जवाब रंगतात. त्या भागालाही मोंतूनोच म्हणतात.

ही आकृती मूळची पियानोची नाही. पूर्व क्यूबातील सोनमध्ये ती त्रेस या, तारांच्या तीन जोड्या असलेल्या गिटारसदृश वाद्यावर वाजे. कॉर्डचे स्वर एकदम न छेडता सुटेसुटे वाजवण्याची रीत तिथली. अंध त्रेसवादक आर्सेनिओ रोद्रिगेझ (१९११–७०) याने १९४० च्या सुमारास आपल्या ताफ्यात पियानो, कोंगा व जादा ट्रम्पेट घेतले आणि त्रेसचे काम पियानोकडेही आले. त्याच्याकडील लिली मार्तिनेस व रुबेन गोन्सालेस या वादकांनी ही शैली घडवली. गोन्सालेसला जगाने ओळखले ते मात्र सत्तरी उलटल्यावर, ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या अल्बममुळे (१९९७).

दोन्ही हात सहसा तेच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. त्यामुळे ट्रम्पेट आणि तालवाद्यांच्या गदारोळातही पियानो ऐकू येतो. सगळ्याचा आधार म्हणजे क्लावे : पाच आघातांचा ठेका, एका अर्धात तीन तर दुसऱ्यात दोन. दोन आघातांच्या बाजूला पियानो मात्रेवर पाय रोवतो, तीनच्या बाजूला मात्रांच्या मधल्या फटींतून धावतो. बाजू उलटी पडली, तर स्वर बरोबर असूनही जाणकारांना वादन चुकलेलेच वाटते. तबल्याच्या एकल वादनातील लेहऱ्याप्रमाणे मोंतूनोही इतरांना मोकळीक देण्यासाठी तेच ते वाजवत राहतो; पण लेहरा सम स्पष्ट दाखवतो, मोंतूनो मात्र बऱ्याचदा पुढचा कॉर्ड समेच्या अर्धी मात्रा आधीच गाठतो. नाचणाऱ्याला पुढे खेचणारा ताण इथेच निर्माण होतो. पियानो इथे स्वरांचे तालवाद्यच असतो, हे यावरून पटावे.

न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली ‘ला पेर्फेक्ता’ हा ताफा काढणाऱ्या एडी पाल्मिएरीने या चौकटीत जॅझचे कॉर्ड आणले. सांताना या बँडने १९७० मध्ये रॉक रूपात लोकप्रिय केलेल्या, टिटो पुएन्तेच्या ‘ओये कोमो वा’मध्ये हीच आकृती ऑर्गनवर आहे. १९९० नंतरच्या टिम्बात ती लांबली, गुंतागुंतीची झाली. तिथे अनेकदा गाण्यागणिक तुंबाओ वेगळा असतो, आणि पियानोवर तो सुरू होताच श्रोते गाणे ओळखतात.