अध्यापक मुक्तिबोध : राजनांदगावची सहा वर्षे

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांचा विचार कवी म्हणून जितका झाला, तितका अध्यापक म्हणून झालेला नाही. घरची भाषा मराठी आणि लेखनाची भाषा हिंदी असलेल्या या लेखकाने शाळेतील शिक्षकी, पत्रकारिता, आकाशवाणी अशा अनेक नोकऱ्या केल्या. पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची हिंदी विषयातील एम.ए. पदवी घेतली आणि १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. रायपूर-बीरगांव परिसराच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवरील हे गाव तेव्हा मध्य प्रदेशात होते. संस्थानिकांच्या राजवाड्यात भरणारे ते महाविद्यालयही नवेच होते.

या तुलनेने स्थिर काळात ‘कामायनी : एक पुनर्विचार’ (१९६१) हा समीक्षाग्रंथ प्रसिद्ध झाला. जयशंकर प्रसाद यांचे महाकाव्य ही एक विशाल फँटसी असून तिच्या आडून आधुनिक जीवनाच्याच समस्या बोलतात, अशी त्यातील मांडणी आहे. पाठोपाठ ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक आले. त्याला विरोध झाला आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली.

येथे कालक्रम महत्त्वाचा ठरतो. मुक्तिबोधांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह तोवर निघालेला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ प्रकाशित झाला तो १९६४ मध्ये. शासनाचा रोष ओढवला तो कवीवर नव्हे, तर भूतकाळ कसा वाचावा हे विद्यार्थ्याला सांगू पाहणाऱ्या मार्गदर्शकावर. वाङ्मयेतिहास मात्र पाठ्यपुस्तकाला उपयुक्ततेच्या कप्प्यात टाकून बाजूला सारतो.

तौलनिक अभ्यासकाला आणखी एक धागा येथे सापडतो. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले आणि नागपुरात अध्यापन केले. त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. एकाच घरातील दोन कवी-अध्यापक दोन भाषांत साहित्यमूल्याच्या प्रश्नाकडे वळतात. अशा वेळी हिंदी आणि मराठी समीक्षेने त्यांची वाटणी करून घेणे अपुरे ठरते. वर्ग, पाठ्यक्रम आणि समीक्षा यांना जोडणारी त्यांची समान भूमी तपासल्याशिवाय या दोघांचेही वाचन पूर्ण होणार नाही.