हद्दीची साक्ष आणि मुळशीचे पाणी

मुळशीचा इतिहास सांगताना दोन टोके नेमाने सांगितली जातात. एक, १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. दुसरे, १९२७, नीला-मुळेचे अडवलेले पाणी कोकणात भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. या दोहोंच्या मध्ये सेनापती बापट उभे असतात, मावळे असतात, टाटांची कंपनी असते, पुण्याचे पुढारी असतात. मला या गर्दीत एक माणूस शोधायचा आहे. तो गावकुसाबाहेर राहतो. आणि त्याच्या अनुषंगाने एक प्रश्न विचारायचा आहे : गावावर संकट आले तेव्हा गावाला खरी बातमी कोणाकडून मिळत होती?

वतनी गावात बातमी महाराच्या पायांनी चाले. दवंडी त्याने द्यायची. सरकारी लखोटा पुढच्या गावी त्याने पोचवायचा. मयताचा सांगावा घेऊन अंधारात, पावसात त्यानेच धावायचे. आणि शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची. हद्दीचा दगड मुळात कुठे होता, ओढ्याने पात्र कधी बदलले, हे त्याला ठाऊक असे आणि त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. माझ्या आजोबांना चार गावांच्या शिवा तोंडपाठ होत्या. अक्षर मात्र एक ओळखता येत नव्हते. ज्याच्या स्पर्शाने पाणवठा बाटतो त्याच्याच जिभेवर गावाची शीव ठरते, हा विरोधाभास आमच्या ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यांत कुठे बसतो? त्याच्या खरेपणाविषयी गावाला शंका नव्हती. तो स्वतःसाठी तोंड उघडील तर मात्र तो खोटा, उर्मट, माजलेला!

मुळशी पेट्यात या साऱ्या मुखोद्गत ज्ञानाची किंमत एकाएकी शून्य झाली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला जिभेची साक्ष नको होती, कागद हवा होता. जाहीरनामा सरकारी राजपत्रात निघायचा, आणि भरपाई ज्याचा हक्क कागदावर त्याला. मावळातल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा एक, कागदावरचा दुसरा. कंपनीने रीतसर संपादन होण्याआधीच शेतांत खड्डे खणायला आरंभ केला. म्हणजे अनेकांना धरणाची पहिली बातमी कुदळीने दिली.

मग ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा उठली. गांधींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना आवाहन केले. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले. सावकार भरपाईकडे वळले, पुण्यातल्या पुढाऱ्यांत फूट पडली, आणि ज्यांनी शपथा घातल्या होत्या त्यांच्यापैकी अनेकजण रुपयांचा हिशेब समजावू लागले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला त्यात कूळ आणि सावकार यांच्या हितसंबंधांतली ही तेढ स्पष्ट दिसते. बापट मागे हटले नाहीत. १९२४ च्या अखेरीस त्यांनी सशस्त्र होऊन आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. पण मावळ्याचा भ्रमनिरास सरकारने केला नाही. सरकारवर त्याचा विश्वास होताच कुठे? तो आपल्या म्हणवणाऱ्यांनी केला.

आणि महारवाडा? सुमारे पन्नास गावे धरणाच्या पाण्याखाली जायची होती. शेत बुडाले तर भरपाई होती. गाव बुडाले की बलुते बुडते, त्याला कायद्यात रकाना नव्हता. ज्या शिवा महाराने पिढ्यान्‌पिढ्या राखल्या त्या पाण्याखाली गेल्या. आता साक्ष द्यायची ती कशाची? सत्याग्रहाची जी कथने मी वाचली त्यांत या माणसाला जागा फार थोडी आहे.

हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. सत्याग्रहाच्या सव्वा वर्ष आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. पुण्याच्या ज्या वृत्तपत्रसृष्टीत मुळशीचा प्रश्न गाजत होता, तिथे बहिष्कृतांना विकतची चार बोटेही जागा नव्हती. मग महारवाड्याचे दुःख छापून येणार कसे आणि इतिहासकाराला सापडणार कसे? दुसऱ्याचा निरोप वाहणाऱ्या माणसाने स्वतःचा निरोप लिहावा, ही ‘मूकनायक’ची खरी क्रांती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या वेठीचाच पाया खणण्यासाठी. महार वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडावे लागले.

मुळशी पुन्हा विकली गेली ती माझ्या डोळ्यांदेखत. २००१ साली मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली, तिथे लवासा उभे राहू लागले, आणि २०१० साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने परवानगीच्या प्रश्नावर नोटीस काढली तेव्हा कुठे बाहेरच्यांना त्या खोऱ्याची नावे कळली. सातबारा आता मोबाईलवर दिसतो, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्याच मोबाईलवर रोज दहा निरोप येतात : अमुक जमीन परत मिळणार, तमुक पुढाऱ्याने शब्द दिला, शेवटची तारीख उद्या. आमच्या वस्तीतली पोरे पुढाऱ्यांवरचा विश्वास गमावून बसली आहेत आणि या निधनी निरोपांवर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवतात. ती मला विचारतात, हे खरे का? मी एवढेच म्हणतो : यात गट क्रमांक आहे का, फेरफार क्रमांक आहे का, शासननिर्णयाची तारीख आहे का, ते बघा, आणि तलाठ्याकडे जाऊन ताडून घ्या. बहुतेक निरोपांत यातले काहीच नसते.