तीच गाणी पुन्हा विकत कोण घेते?



मॉरिसव्हिल-केरीच्या परिसरात घर घेतले की थोड्याच दिवसांत बोनस रूममध्ये होम थिएटर बसवायचा विषय निघतो. पाच स्पीकर, एक सबवूफर, चांगला रिसिव्हर. आम्हीही बसवले. पहिल्या आठवड्यात इंग्रजी सिनेमे पाहून झाले आणि मग बाबांनी विचारले, "यावर आपली गाणी कशी वाजतात?" उत्तर शोधताना जी माहिती मिळाली ती थोडक्यात देत आहे.

हे प्रकार काय आहेत?

साधी सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ आणि दोन चॅनेल. हाय-रेझोल्युशन म्हणजे त्याहून अधिक तपशील. उदा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये सीडीच्या सुमारे सव्वातीन पट डेटा असतो. सराउंड म्हणजे आवाज समोरून, बाजूने आणि मागूनही येतो. १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने एसएसीडी आणली, पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली. आता ती जागा ब्लू-रे आणि डॉल्बी ॲटमॉसने घेतली आहे.

घेणारे कोण?

मुख्यतः ज्यांच्याकडे तो अल्बम आधीच आहे तेच! पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ चा. २००३ मध्ये तो ५.१ एसएसीडीवर आला, २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त ॲटमॉस मिक्ससह महागड्या संचात आला. तरुणपणी एलपी घेतलेल्या माणसाने मग कॅसेट घेतली, सीडी घेतली आणि आता हा संचही घेतला. हे गिऱ्हाईक संख्येने लहान पण निष्ठावान. त्याच्याच भरवशावर कंपन्या जुन्या टेप कपाटातून बाहेर काढतात.

तरुण मंडळी मात्र असे संच फारसे घेत नाहीत. २०२१ पासून ॲपल म्युझिकने लॉसलेस आणि ॲटमॉस जादा पैसे न घेता दिले, त्यामुळे त्यांचे काम तिथेच भागते.

मराठी गाणी यात का दिसत नाहीत?

पहिले कारण तांत्रिक आहे. सराउंड मिक्स करायला गायक, तबला, व्हायोलिन वेगवेगळ्या ट्रॅकवर असावे लागतात. आपली जुनी गाणी बहुतेक एकाच खोलीत, मोजक्या मायक्रोफोनसमोर, थेट मोनोमध्ये मुद्रित झाली. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झाले. गदिमा आणि बाबूजींची ती ५६ गाणी त्या काळच्या साधनांवर झाली. त्यांतून मागच्या स्पीकरसाठी वेगळे वाद्य काढायचे कुठून?

'मुघल-ए-आझम' हे चांगले उदाहरण आहे. १९६० चा हा सिनेमा २००४ मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा मूळ गायकांचे आवाज ठेवून वाद्यमेळ नौशाद यांच्या मदतीने नव्याने करावा लागला. आता संगणकाने आवाज सुटे करता येतात. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चे २०२२ चे मिक्स असेच झाले. म्हणजे तंत्र आहे, पण त्यासाठी खर्च करायला गिऱ्हाईक दिसावे लागते.

दुसरे कारण आपणच. आपण गाणी सोयीसाठी घेतो. सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवां' आणला. हजारो गाणी आधीच भरलेला, रेडिओसारखा डबा. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. मुलांनी घ्यायचा आणि आई-वडिलांना द्यायचा, अशी त्याची ख्याती. आवाजाचा दर्जा हा तिथे मुद्दाच नव्हता, बटण दाबले की गाणे लागणे महत्त्वाचे.

घेण्यापूर्वी

- लाखेच्या तबकडीवरील नाट्यसंगीतासाठी हाय-रेझोल्युशनला जादा पैसे देऊ नका. त्या तबकडीवर जे आहे ते सीडीत आरामात मावते. फरक पडतो तो मूळ प्रत किती चांगली आणि खरखर किती जपून काढली यामुळे.
- मोनो गाणे ऐकताना रिसिव्हर 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट'वर ठेवा. सराउंड मोडमध्ये गायक विहिरीतून गातोय असे वाटते.
- एसएसीडी घेताना 'हायब्रिड' लिहिले आहे का पाहा, म्हणजे साध्या सीडी प्लेअरवरही चालेल.
- मूळ टेपवरून केलेली चांगली मराठी आवृत्ती दिसली तर जरूर विकत घ्या. मागणी दिसली तरच पुढची निघेल.

आणि शेवटी

बाबांनी येताना आणलेल्या कॅसेटींत एकीवर माझ्या आजीच्या ओव्या निघाल्या. मागे कुकरची शिट्टी आणि कुणीतरी "दार लाव गं" म्हणतंय. टेप दोन ठिकाणी चिकटली होती, तेवढा भाग गेलाच. उरलेली २४ बिटमध्ये उतरवून घेतली. एक प्रत इथे, एक पुण्याला भावाकडे. या कॅसेटची नवी आवृत्ती कोणतीही कंपनी काढणार नाही. तिचे गिऱ्हाईक आपणच.

तुमच्या घरीही अशा कॅसेटी असतील तर या हिवाळ्यात काढा. डेक नसेल तर आमचा घेऊन जा. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटूच.