लुटुपुटीच्या तलवारी

शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक बसवावयाचे म्हटले, की मुलांच्या पाठांतराआधी तलवारींची चिंता उभी राहते. पुठ्ठा कापावा, खळीने चिकटवावा, बेगड लावून चकाकी आणावी, आणि दुसऱ्या अंकात ती तलवार मधोमध वाकावी, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव. म्हणूनच परदेशातील हौशी मंडळींनी या अडचणीवर कशी मात केली, याचे मला कुतूहल वाटत आले आहे.

कथेतील पात्राचा वेष करून मेळाव्यास जाण्याच्या हौसेला आज ‘कॉस्प्ले’ म्हणतात. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या इंग्रजी शब्दांची मोडतोड करून जपानी लोकांनी हा शब्द १९८० नंतरच्या दशकात रूढ केला. प्रथा मात्र जुनी. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्क येथे विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस ही दोघे भविष्यकाळातील माणसांच्या पोशाखात आली. ते कपडे डग्लसबाईंनी शिवले होते. बाईंचे नाव पुष्कळदा मागे राहते, म्हणून मुद्दाम सांगितले.

वस्त्र शिवता येते. शस्त्राचे काय करावयाचे? १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगीन सरदारांची सोंगे घेऊन लढणारी एक मंडळी निघाली. तिने वेताच्या तलवारी पत्करल्या. पण वेताचाही मार लागतोच. १९७७ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात ‘डॅगोरहिर’ नावाचा खेळ सुरू झाला, त्यात दांड्याभोवती फोम गुंडाळीत. येथपर्यंत प्रश्न केवळ इजा टाळण्याचा होता.

पुढे १९९७ साली जपानात ‘फायनल फँटसी’ या चित्रखेळाचा सातवा भाग निघाला. त्याचा नायक क्लाउड पाठीवर फळीएवढी रुंद तलवार वागवितो. चित्राला वजन नसते; हौशी मनुष्यास मात्र ती उचलावी लागते! हिशेब करून पाहावा. दीड मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व १ सेंटिमीटर जाड पाते पोलादाचे केले, तर ते सुमारे ३५ किलो भरेल. तेवढेच दाट ईव्हीए फोमचे केले, तर जवळपास अर्धा किलो.

हा फोम आपल्या ओळखीचाच आहे. धावण्याच्या बुटांच्या तळव्यात आणि व्यायामशाळेत अंथरावयाच्या, एकमेकींत अडकणाऱ्या चटयांत तो असतो. त्याच्या बारीक बंद पेशींत वायू कोंडलेला असतो. कापलेल्या तुकड्यावर हीट गनने गरम हवा सोडली, की वरच्या पेशी आवळून पृष्ठभाग गुळगुळीत होतो व रंग कमी मुरतो. तुकडे जोडण्यास जोडे दुरुस्त करणारे वापरतात तसले सोल्यूशन लागते. ते दोन्ही बाजूंस लावावे, सुकू द्यावे आणि मग दाबावे. पात्याच्या पोटात प्लॅस्टिकची नळी हवीच, नाही तर माझ्या पुठ्ठ्याची गत व्हावयाची.

वरचे कवच थर्मोप्लॅस्टिकचे. त्यात ‘वोर्ब्ला’ नावाचे जर्मन पत्रे विशेष प्रसिद्ध झाले. सुमारे ९० अंश सेल्सियसला ते मऊ होतात, गरम असता आपले आपल्यालाच चिकटतात, आणि उरलेली कात्रणे कणकेसारखी मळून पुन्हा वापरता येतात. हैदराबादेत लाखेच्या बांगड्या घडताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही. तापवावे, वळवावे, निवू द्यावे, हाच लाखेचाही धर्म.

पण हुबेहूबपणाने एक निराळेच संकट आणले. मे २०१७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथील मेळाव्यात एक मनुष्य भरलेल्या खऱ्या बंदुका घेऊन शिरला. तो पकडला गेला व प्राणहानी टळली. परंतु मेळाव्याच्या उरलेल्या दिवसांत लुटुपुटीच्या शस्त्रांवरही बंदी आली, आणि खपून केलेल्या तलवारी लोकांना घरी ठेवाव्या लागल्या. चालकांना दोष देववत नाही. तरी त्या कारागिरांबद्दल वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे दिल्लीस २०११ साली कॉमिक कॉन सुरू झाला, आणि पुढे हैदराबादेसही असे मेळावे भरू लागले. मोठ्या मेळाव्यांत दाराशीच शस्त्रतपासणी होते. तपासनीस पाते हातात घेतो, दाबून पाहतो, त्याला खुणेची पट्टी बांधतो आणि मग त्या योद्ध्यास आत सोडतो.