फॅमिली ड्रग अँड अल्कोहोल कोर्ट

आईबापांच्या दारूपायी किंवा अमली पदार्थांपायी मूल घरातून काढून घेण्याची वेळ येते, तेव्हा पालकांचे उपचार आणि मुलाचा निवाडा एकाच न्यायाधीशाच्या देखरेखीखाली चालवणारे इंग्लंडमधील विशेष न्यायालय. 'एफडॅक' या संक्षेपाने परिचित. पहिले न्यायालय जानेवारी २००८ मध्ये लंडनला सुरू झाले. कल्पना मूळची अमेरिकेची. नेवाडा राज्यातील रीनो येथे १९९०च्या दशकाच्या मध्यात अशी सुनावणी सुरू झाली होती.

प्रश्नाचा आवाका २००३ च्या 'हिडन हार्म' या सरकारी सल्लागार मंडळाच्या अहवालाने दाखवला. इंग्लंड व वेल्समध्ये दोन ते तीन लाख मुलांची आई, बाप किंवा दोघेही अमली पदार्थांच्या गंभीर आहारी गेलेले असल्याचा त्याचा अंदाज होता. दारू अहवालाच्या कक्षेतच नव्हती, म्हणजे खरी संख्या याहून बरीच मोठी. व्यसनी मातांपैकी ६४ टक्के मातांची मुले त्यांच्याजवळ होती, बापांच्या बाबतीत हे प्रमाण ३७ टक्के. तरीही घरी मुले किती, हा साधा प्रश्न अनेक उपचार केंद्रे विचारत नसत.

लंडनचे हे न्यायालय सुरू करणारे न्यायाधीश निकोलस क्रायटन यांना वेगळीच गोष्ट खुपत होती. मूल काढून घेतलेली आई काही काळाने पुढचे बाळ घेऊन पुन्हा न्यायालयात उभी राहत असे. तिच्या व्यसनाला मधल्या काळात कोणी हात घातलेला नसे.

एफडॅकमध्ये येणे पालकांच्या मर्जीवर असते. समाजसेवक, व्यसनोपचार तज्ज्ञ आणि मानसोपचार तज्ज्ञ यांचे पथक उपचारांची आखणी करते. पूर्वी स्वतः या चक्रातून गेलेले पालकही धीर द्यायला असतात. दर पंधरवड्याला सुनावणी होते आणि ती वकिलांविना. न्यायाधीश बदलत नाही. तो आईशी थेट बोलतो, चाचणीचा निकाल विचारतो, घराचे आणि जोडीदाराचे काय झाले तेही विचारतो. काळ्या झग्याच्या न्यायसंस्थेत ही चाल अपूर्वच म्हणायची.

२०१६ च्या पाठपुरावा अभ्यासात एफडॅकमधील ४६ टक्के मातांनी सुनावणी संपेपर्यंत व्यसन सोडलेले आढळले. नेहमीच्या न्यायालयांत ३० टक्के. मूल घरी राहण्याचे किंवा परतण्याचे प्रमाण ३७ विरुद्ध २५ टक्के होते. पण इथे येणारे पालक स्वेच्छेने येतात, हे आकडे वाचताना विसरू नये.

कळीची अडचण वेळेची आहे. व्यसन सुटायला वर्षे लागू शकतात, तान्हे मूल तितके थांबू शकत नाही. २०१४ च्या कायद्याने ताब्याच्या खटल्यांना २६ आठवड्यांची मुदत घातली. आई सावरली नाही, तर हेच न्यायालय मूल नातेवाइकांकडे किंवा दत्तक देण्याचा निर्णय देते, आणि या कठोर बाजूबद्दल फारसे बोलले जात नाही. पैशांची तंगीही कायमची: या न्यायालयांना साहाय्य करणारे राष्ट्रीय केंद्र २०१८ मध्ये निधीअभावी बंद पडण्याच्या बेतात होते.

भारतात २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सांभाळ करण्यास असमर्थ पालकांचे मूल बालकल्याण समितीपुढे येते. १०९८ या क्रमांकावर कोणीही कळवू शकते. समितीने अंतिम आदेश चार महिन्यांत द्यायचा असतो. पालकाच्या उपचारांवर दर पंधरवड्याला नजर ठेवण्याची तरतूद मात्र या कायद्यात नाही.