सरकारी पेन्शन विकून खासगी पेन्शन प्लॅन घ्यावा का? सही करण्याआधी हा हिशोब बघा

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन) : गावात, वाडीवर रिटायर झालेले गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस कर्मचारी यांची घरं आहेत. निवृत्तीची तारीख जवळ आली की फोन सुरू होतात. "साहेब, सरकारी पेन्शनचं काय खरं नाही, आमच्याकडे वळवा, जास्त मिळेल." कुणी बँकेच्या काउंटरवर सांगतं, कुणी नात्यातलाच एजंट घरी चहाला येऊन सांगतो. आयुष्यभराच्या नोकरीचा पैसा आहे. एकदा गेला की परत नोकरी करून मिळवता येत नाही. म्हणून नेमकं काय वळवता येतं, काय येत नाही आणि त्यात कुणाचा फायदा, हे सोप्या भाषेत बघू.

आधी ओळखा, तुमची पेन्शन कोणती?

*जुनी पेन्शन :* 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी राज्य सरकार किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागलेले. यांना शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता मिळतो. ज्यांच्या भरतीची जाहिरात या तारखेच्या आधीची होती पण रुजू नंतर झाले, त्यांनाही फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जुनी पेन्शन निवडायची संधी मिळाली.

*एनपीएस :* 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेले. यांच्या पगारातून कपात होते, सरकार आपला हिस्सा टाकतं आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो.

*ईपीएस-95 :* साखर कारखाना, कंपनी, काही महामंडळं अशा पीएफ कापणाऱ्या नोकऱ्या. ही पेन्शन पीएफ कार्यालयाकडून येते.

तिघांचे नियम वेगळे. एजंट मात्र सगळ्यांना एकच कागद दाखवतो.

जुनी पेन्शन खासगी कंपनीत 'ट्रान्सफर' होते का?

नाही. जुन्या पेन्शनचा तुमच्या नावावर साठलेला असा वेगळा पैसा कुठेच नसतो. सरकार दर महिन्याला तिजोरीतून देतं. त्यामुळे उचलून दुसरीकडे न्यायला तिथे काही नाहीच. "पूर्ण पेन्शन वळवून देतो" असं कुणी म्हणत असेल तर तो एकतर अडाणी आहे नाहीतर फसवतोय.

एकच गोष्ट करता येते. पेन्शनचा जास्तीत जास्त 40 टक्के भाग सरकारला 'विकून' एकरकमी पैसे घेता येतात. कागदावर याला अंशराशीकरण म्हणतात, बोलताना आपण पेन्शन विक्री म्हणतो. एजंटचा डोळा याच रकमेवर असतो.

पेन्शन विक्रीचा हिशोब

समजा, 58 व्या वर्षी रिटायर झालात आणि मूळ पेन्शन 30,000 रुपये बसली.

- 40 टक्के विकले, म्हणजे महिन्याला 12,000 रुपये सोडले.
- मिळणारी रक्कम : 12,000 × 12 × 8.371 = 12,05,424 रुपये. (8.371 हा 58 व्या वर्षी रिटायर होणाऱ्याला लागणारा तक्त्यातला आकडा आहे.)
- कपात 15 वर्षे चालते. 12,000 प्रमाणे 180 महिन्यांचे 21,60,000 रुपये होतात.
- 15 वर्षे झाली की पेन्शन पुन्हा पूर्ण 30,000 होते.

म्हणजे सरकारकडून 12 लाख घेतले आणि 15 वर्षांत साडेएकवीस लाखांच्या वर फेडले. व्याजाच्या भाषेत हा दर वर्षाला 8.7 टक्क्यांच्या आसपास पडतो.

आता हेच 12 लाख खासगी पेन्शन प्लॅनमध्ये टाकले तर? साठीच्या आसपासच्या माणसाला, मुद्दल वारसांना परत मिळणाऱ्या प्लॅनमध्ये साधारण 6 ते 7 टक्के मिळतात. साडेसहा टक्के धरले तर महिन्याला साधारण 6,500 रुपये. सोडले 12,000 आणि आले 6,500. मुद्दल वारसांसाठी शिल्लक राहतं हे खरं, पण ते तुमच्या हयातीत हाताला लागत नाही. शिवाय त्या साडेसहा हजारांवर महागाई भत्ता नाही. आज साडेसहा हजार, वीस वर्षांनीही साडेसहा हजार.

पावणेनऊ टक्क्यांनी उचलायचं आणि साडेसहा टक्क्यांनी ठेवायचं, हा धंदा आपल्या मिरची बाजारातला कुठलाच व्यापारी करणार नाही.

मग पेन्शन विकूच नये का?

तसंही नाही. विक्रीच्या बाजूनेही चार गोष्टी आहेत.

1. सरकारी कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या या एकरकमी पैशावर आयकर लागत नाही.
2. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळतो. वरच्या उदाहरणात 18,000 वर नाही, 30,000 वर.
3. 15 वर्षांच्या आत पेन्शनधारक वारला तर राहिलेली कपात घरच्यांकडून वसूल होत नाही.
4. बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर विक्रीचा परिणाम होत नाही. ते शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के या दराने धरतात, म्हणजे 60,000 मूळ पगारावर 18,000 रुपये, अधिक महागाई भत्ता.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा : हे पैसे कशासाठी पाहिजेत? सावकाराचं महिना 2-3 टक्क्यांचं देणं असेल, 12-14 टक्क्यांचं बँकेचं कर्ज असेल, राहतं घर बांधायचं असेल, मोठं आजारपण असेल, तर पेन्शन विकणं समजू शकतं. महाग कर्ज फिटतं आणि स्वस्त कपात मागे लागते. पण फक्त दुसरा पेन्शन प्लॅन घ्यायला पेन्शन विकू नका. गरज 4 लाखांची असेल तर 40 टक्के विकायलाच पाहिजेत असंही नाही. 10 टक्के, 15 टक्केही विकता येतात.

रिटायर झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यामुळे "आजच सही करा" या घाईला बळी पडायचं कारण नाही. घरात बसून विचार करायला वेळ आहे.

एनपीएसवाल्यांसाठी

एनपीएसमध्ये मात्र खासगी कंपनीचा प्रश्न खरोखर येतो. 60 व्या वर्षी साठलेल्या रकमेच्या 60 टक्क्यांपर्यंत हातात मिळतात आणि किमान 40 टक्क्यांतून विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यावी लागते. एलआयसी आहे, खासगी कंपन्याही आहेत. इथे कंपनीच्या नावापेक्षा पर्याय महत्त्वाचा :

- *फक्त स्वतःला आयुष्यभर :* आकडा सगळ्यात मोठा दिसतो. पण माणूस गेला की पेन्शन बंद, मुद्दलही गेलं. बायकोच्या हाती काहीच नाही.
- *स्वतःला, नंतर जोडीदाराला :* आकडा थोडा कमी, पण पेन्शन मागे चालू राहते.
- *स्वतःला, नंतर जोडीदाराला, शेवटी मुद्दल वारसाला :* आकडा सगळ्यात लहान, पण घराला आधार सगळ्यात जास्त.

एजंट पहिला पर्याय पुढे करतो, कारण आकडा मोठा दिसतो. ज्या घरात बाईच्या नावावर शेत नाही, पगार नाही, तिथे पहिला पर्याय घेऊ नका. एकदा पेन्शन सुरू झाली की पर्याय बदलता येत नाही.

आणखी एक. मार्च 2023 च्या संपानंतर राज्य सरकारने 2024 मध्ये सुधारित योजना जाहीर केली. त्यात शेवटच्या पगाराच्या 50 टक्के पेन्शन, वर महागाई भत्ता आणि मागे त्याच्या 60 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन असं ठरलं. तुमची निवड लिहून दिली आहे का, ती नोंदली आहे का, हे आधी कार्यालयात विचारा. त्याआधी पैसे काढण्याच्या फॉर्मवर सही नको.

परदेशात काय झालं?

ब्रिटनमध्ये काही पेन्शन खरोखर वळवता येतात. 2017 मध्ये तिथल्या टाटा स्टीलच्या कामगारांना जुन्या ब्रिटिश स्टील पेन्शन योजनेबद्दल निर्णय घ्यायला सांगितलं. सल्लागारांच्या भरवशावर जवळपास 8 हजार जणांनी हमीची पेन्शन सोडून पैसा खासगी योजनेत नेला. पुढे तपासात त्यातला जवळपास निम्मा सल्ला चुकीचा निघाला आणि सल्लागारांकडून भरपाईची योजना आणावी लागली. सल्लागारांची फी, कामगार पैसे हलवतो तेव्हाच मिळत होती. आपल्याकडेही एजंटचं कमिशन तुम्ही सही करता तेव्हाच निघतं, हे विसरू नका.

हातात आलेले पैसे ठेवायचे कुठे?

- *पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना :* सध्या 8.2 टक्के, मर्यादा 30 लाख, मुदत 5 वर्षे, व्याज दर तीन महिन्यांनी. 55 ते 60 वयात रिटायर झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडता येतं.
- *पोस्टाची मासिक प्राप्ती योजना :* 7.4 टक्के, एकट्याच्या नावावर 9 लाख, संयुक्त 15 लाखांपर्यंत.
- *बँकेत :* एका बँकेत एका माणसाच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीलाच विमा संरक्षण असतं.
- *पतसंस्था, मल्टीस्टेट :* इथे हे 5 लाखांचं संरक्षण नाही. ज्ञानराधा मल्टीस्टेट आणि आदर्श नागरी पतसंस्था यांच्यात मराठवाड्यातल्या लोकांच्या ठेवी कशा अडकल्या, हे 2023 पासून आपण बघतोच आहोत. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीचा पैसा तिकडे नको.

एजंटला हे पाच प्रश्न विचारा

1. महिन्याला नक्की किती, आणि ते कागदावर हमीने लिहिलंय का?
2. माझ्यामागे बायकोला किती?
3. मुद्दल परत मिळतं का, कधी?
4. मधेच पैसे लागले तर किती कापून मिळतील?
5. हे एफडी आहे की विमा? (यूलिप असेल तर 5 वर्षे पैसे अडकतात.)

उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. पॉलिसी घेतलीच आणि पटली नाही, तर कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. कंपनी ऐकत नसेल तर विमा नियामकाच्या 155255 या नंबरवर तक्रार करा, त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाकडे फी लागत नाही.

पेन्शन, हयातीचा दाखला किंवा 'ट्रान्सफर'च्या नावाखाली ओटीपी मागणारा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

शेवटचं

पेन्शन विकली असेल तर कपात कधी सुरू झाली ती तारीख डायरीत लिहा आणि बायको-मुलांना दाखवून ठेवा. 15 वर्षांनी कपात थांबली की नाही हे कोषागारात जाऊन बघायचं काम तेव्हा त्यांनाच करावं लागेल. आणि कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी, जी आपल्यामागे त्या पैशावर जगणार आहे, तिला समोर बसवून हा हिशोब एकदा वाचून दाखवा.